इस्पिकच्या राणीला चुकवत: ‘वाइल्ड कार्ड्स’ १ ते १५, वाचनाच्या नोंदी

१७ ऑगस्ट २०२५, रविवार. तयारी

काम असं: जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी संपादित केलेली ‘वाइल्ड कार्ड्स’ ही अतिमानवांची मालिका, पुस्तक १ ते १५, क्रमाने आणि काहीही न गाळता. १९८७ ते १९९५ मधली ही पंधरा पुस्तकं म्हणजे मूळ डाव. मालिका पुढे तिशी ओलांडून गेली, तो हिशेब नंतर. सरासरी ४०० पानं धरली तर ६,००० पानं होतात. रोज ४० वाचली तर १५० दिवस, म्हणजे संक्रांतीला संपायला हवं.

नोंदींचं पहिलं कार्ड मालिकेच्या विश्वाच्या नियमांचं केलं, कारण ते पाठ नसतील तर दुसऱ्या कथेपासूनच गोंधळ उडतो. १५ सप्टेंबर १९४६ रोजी मॅनहॅटनवर परग्रहावरचा विषाणू फुटतो. ज्यांना लागण होते त्यांच्यातले शंभरातले नव्वद मरतात. त्याला म्हणायचं ‘काळी राणी’ ओढली, आपल्या पत्त्यांत इस्पिकची राणी. उरलेल्या दहांतले नऊ विद्रूप होऊन जगतात, ते जोकर. एकाला शक्ती मिळते आणि रूपही शाबूत राहतं, तो एक्का. शक्ती मिळाली पण फुटकळ निघाली, तर दुर्री. लागणच न झालेला माणूस म्हणजे नॅट. एवढ्या पाच शब्दांवर सगळी मालिका चालते.

साहित्य: ३ × ५ इंची रेघांची कार्डं १०० (पुढे आणखी १०० आणावी लागली), बुटाचं खोकं, शिसपेन्सिल, सात रंगांच्या चिकटपट्ट्या, खाकी कागद. खाकी कागद कव्हरांसाठी. या पुस्तकांची मुखपृष्ठं अशी असतात की लोकलमध्ये उघडायला जीव धजत नाही. शाळेच्या वहीला घालतो तसं कव्हर घातलं की लाजही झाकली जाते आणि जुन्या प्रतीचा कणाही टिकतो.

२३ ऑगस्ट. पहिली चूक

पुस्तक १ ची १९८७ सालची जुनी प्रत घेतली, टपालासकट ₹४९०. अर्धी झाल्यावर लक्षात आलं की २०१० साली टोर या प्रकाशनाने काढलेल्या आवृत्तीत तीन नव्या कथा आहेत: डेव्हिड लेव्हाइन, मायकेल कॅसट आणि कॅरी व्हॉन यांच्या. त्या शेवटी जोडलेल्या नाहीत, काळाप्रमाणे मधे बसवलेल्या आहेत. म्हणजे ‘नंतर वाचू’ हा मार्ग बंद. नवी प्रत मागवली, ₹७२०, पाच दिवस वाट पाहिली. पुस्तक ४ चंही तेच: नव्या आवृत्तीत दोन कथा जास्त आहेत. घेण्याआधी अनुक्रमणिका पाहावी. मुखपृष्ठावरून काही कळत नाही.

वाट पाहण्याच्या दिवसांत सर्व प्रकाशकांची यादी केली, कारण पुढची खरेदी तिच्यावर अवलंबून. १ ते १२ बँटम, १३ ते १५ बेन, १६ आणि १७ आयबुक्स, १८ पासून टोर, अगदी अलीकडची पुन्हा बँटम. आयबुक्सचं दुकान लवकरच बुडालं, त्यामुळे १६-१७ च्या मूळ प्रती दुर्मीळ होत्या. टोरने त्या पुन्हा काढल्या आहेत, जुन्यांसाठी जादा पैसे घालवू नयेत.

२८ ऑगस्ट. जिथे पुस्तक उभं राहतं

पहिली कथा, जेटबॉयची, ही चाळीसच्या दशकातल्या कॉमिक्सची प्रेमळ नक्कल आहे. ती वाचून ‘हे पोराटोरांचं’ म्हणत पुस्तक मिटायचा मोह होतो. मिटू नये. चार कथांच्या आत वॉल्टर जॉन विल्यम्स यांची ‘विटनेस’ येते आणि मालिकेची खरी जात कळते.

जॅक ब्रॉन, म्हणजे गोल्डन बॉय. अंगात रणगाडा उचलण्याची ताकद, शरीराला वय चढत नाही. त्याच्याबरोबर अर्ल सँडरसन, डेव्हिड हारस्टाइन आणि ब्लाइथ व्हॅन रेन्सेलर. हे चौघे सरकारसाठी काम करतात, अर्जेंटिनात पेरोनची सत्ता उलथवतात आणि मग अमेरिकी संसदेच्या, ‘देशद्रोह्यां’चा शोध घेणाऱ्या समितीपुढे उभे केले जातात. गोळीने न मरणारा जॅक तिथे घाबरतो आणि मित्रांविरुद्ध साक्ष देतो. लगेच पुढची कथा मेलिंडा स्नॉडग्रास यांची: तीच चौकशी, पण परग्रहावरून आलेला डॉ. टॅकियॉन आणि ब्लाइथ यांच्या बाजूने. ब्लाइथच्या डोक्यात इतरांची मनं साठवलेली आहेत, म्हणून तिची साक्ष सगळ्यांत धोक्याची.

करायचं ते हे: या दोन कथा एकाच बैठकीत वाचायच्या, मधे झोप नको. सलग वाचल्या तर साधारण तीन तास लागतात. पहिल्यांदा दोन दिवसांत विभागल्या तर दुसरीतले संदर्भ निसटले, परत मागे जावं लागलं.

१ सप्टेंबर. पुस्तक १ पूर्ण, ३४ कार्डं

प्रत्येक कार्डावर सुरुवातीला चार रकाने होते: खरं नाव, पत्त्यातलं नाव, शक्ती, पहिलं दर्शन. दोन रकाने कमी पडले.

एक, शक्तीची मर्यादा. या मालिकेत शक्तीपेक्षा तीच महत्त्वाची. थॉमस टडबरी, म्हणजे टर्टल, नुसत्या मनाने जड वस्तू उचलतो. पण कवचात बसून स्वतःला सुरक्षित वाटलं तरच. त्याचं पहिलं कवच फोक्सवॅगन बीटलच्या सांगाड्यावर चिलखती पत्रे ठोकून केलेलं आहे. हे न लिहिता ‘टेलिकायनेसिस’ एवढंच लिहिलं तर पुढच्या पुस्तकांत तो का घाबरतो, हेच समजत नाही.

दोन, निर्माता. प्रत्येक पात्र एका लेखकाचं असतं. दुसऱ्याने ते वापरायचं तर त्याला विचारून. यांतली बरीच मंडळी १९८३ साली न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्की शहरात ‘सुपरवर्ल्ड’ नावाचा पात्राभिनयाचा खेळ खेळत होती, तो खेळ व्हिक्टर मिलान यांनी मार्टिनना वाढदिवसाला दिला होता. बरीच पात्रं तिथून आली आणि ‘हे माझं, ते तुझं’ ही शिस्तही त्याच टेबलावरची. कार्डावर निर्मात्याचं नाव असलं की परक्या हातात पात्र कसं वागतं ते दिसू लागतं. निम्मी मजा यातच आहे.

फॉर्च्युनाटोचं कार्ड करताना मात्र पेन्सिल थबकली. हा वेश्यांचा दलाल, आणि त्याची शक्ती ‘तांत्रिक’ संभोगातून भरली जाते, मोबाइल चार्ज करावा तशी. तंत्राचं नाव ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला इथे हसावं की रागवावं कळत नाही. दोन्ही करून पुढे जावं. तिसऱ्या पुस्तकात त्याची गरज आहे.

१३ सप्टेंबर. पुस्तक २

परग्रहावरून ‘स्वार्म’ची धाड येते. पंधरांतलं सर्वांत विस्कळीत पुस्तक. कथा सुट्या वाटतात, दोनदा सोडावंसं वाटलं. उपाय सापडला तो असा: मधे मधे ज्यूब या वर्तमानपत्र विकणाऱ्या, वालरससारख्या दिसणाऱ्या माणसाचे छोटे भाग येतात, मार्टिन यांनीच लिहिलेले. ते आधी सलग वाचून काढले आणि मग कथा त्यांत ओवल्या. दोरा हाती आल्यावर मणी जागेवर बसले. ज्यूबचं एक गुपित त्यामुळे लवकर फुटतं, तेवढं नुकसान सोसावं.

१५ सप्टेंबर, सोमवार. फसलेला प्रयोग

पुस्तक ३ एकाच दिवसात घडतं: १५ सप्टेंबर १९८६, विषाणूदिनाची चाळिशी. प्रकरणांवर तासांचे आकडे आहेत. १९८६ चा तो दिवसही सोमवारच. म्हणून ठरवलं, ज्या तासाचं प्रकरण त्याच तासाला वाचायचं. पहाटे सहाला उत्साहात सुरुवात. सकाळी अकरापर्यंत दोन प्रकरणं मागे, दुपारी प्रयोग बंद. प्रकरणांची लांबी सारखी नाही आणि तासाभरात वाचून होतील अशी ती लिहिलेलीही नाहीत. पहाटेचं वाचन मात्र छान झालं.

१९ सप्टेंबर

दुसरा प्रयोगही फसला, पण यातून शिकायला मिळालं. हे पुस्तक ‘मोझेइक’ आहे: सात लेखकांनी सात पात्रांचे धागे स्वतंत्र लिहिले आणि मार्टिननी ते कापून एकमेकांत विणले. म्हणून सात रंगांच्या पट्ट्या. हायरमला पिवळी, जेनिफरला निळी, स्पेक्टरला काळी वगैरे. वाटलं, एकेक रंग सलग वाचला तर प्रत्येक लेखकाची स्वतंत्र कथा मिळेल.

मिळाली नाही. जेनिफर मलोय भिंतीतून आरपार जाऊन एका तिजोरीतून वही चोरते, आणि मग त्या वहीच्या मागे निम्मं शहर लागतं. निळा धागा एकटा वाचला तर वही अधूनमधून नुसती गायब होते. ती कुठे गेली हे दुसऱ्या रंगात असतं. ७० पानांनंतर सोडून दिलं आणि छापलंय तसं पहिल्यापासून वाचलं. पट्ट्या काढल्या नाहीत, कारण मोझेइकमध्ये तुकड्यातुकड्याला लेखकाचं नाव नसतं. रंग पाहून, पात्राच्या निर्मात्यावरून, हा तुकडा कोणी लिहिला ते ओळखायचं. कोडं सोडवल्याचा आनंद मिळतो.

२६ सप्टेंबर. पुस्तक ३ पूर्ण. इथे ज्याला थांबायचं त्याने थांबावं, डाव पुरा होतो.

८ ऑक्टोबर. पुस्तक ४

एक्के, जोकर आणि राजकारण्यांचा जगप्रवास, १९८६ च्या अखेरीपासून १९८७ च्या एप्रिलपर्यंत. हैती, ग्वाटेमाला, इजिप्त, श्रीलंका, जपान, बर्लिन. देशोदेशीच्या कथा कमीजास्त आहेत. श्रीलंकेची वाचताना ‘आपल्या शेजारी आले आणि हत्ती बघून गेले’ असं वाटत राहतं. पण मधे झेव्हियर डेझमंडची रोजनिशी आहे. जोकरटाउनचा, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या जोकरांच्या वस्तीचा, हा बिनसरकारी महापौर, नाकाच्या जागी सोंड, शरीरात कर्करोग. मराठी वाचकाला गणपती आठवणारच. तो आठवू द्यावा आणि मग हा म्हातारा जगाकडे किती थकून पाहतो ते वाचावं. ‘विटनेस’नंतर इतकं चांगलं काही पहिल्या चार पुस्तकांत नाही. वेळ कमी असेल तर रोजनिशी पूर्ण आणि उरलेल्यातल्या निवडक कथा, एवढं चालेल.

१२ ऑक्टोबर. डिंकाचं काम

पुस्तक ५ ची जुनी प्रत, ₹३८०. पहिल्याच बैठकीत कणा तडकला, २४ पानं सुटली. बाजारातला पांढरा फेव्हिकॉल बोटाने लावला, जास्त झाला, आत झिरपून चार पानं एकमेकांना चिकटली. सोडवताना एकाचा समास फाटला, मजकूर वाचला. योग्य रीत: थोडं पाणी घालून पातळ करायचं, दातकोरणीने कण्याच्या आतल्या कडेलाच लावायचं, सुटलेल्या पानांच्या दोन्ही अंगांना बटर पेपर, वर शब्दकोश, रात्रभर. आणि जुनी पुस्तकं १२० अंशांपेक्षा जास्त उघडू नयेत. चार दिवस गेले.

२१ ऑक्टोबर. पुस्तक ५, आणि क्रॉइडचं कार्ड

रॉजर झेलाझ्नी यांचा क्रॉइड क्रेन्सन झोपला की आठवडेच्या आठवडे झोपतो आणि उठतो तेव्हा शरीर नवं, शक्ती नवी. कधी एक्का, कधी जोकर. पुढची झोप इस्पिकच्या राणीची असेल या धास्तीने तो गोळ्या खाऊन जागा राहतो, आणि जितका जागतो तितका संशयी होतो. त्याचं साधं कार्ड निरुपयोगी ठरलं, कारण वर्णन पाहून ओळखायला गेलं की तो सापडतच नाही. त्यासाठी स्वतंत्र जोडकार्ड केलं: जाग क्रमांक, रूप, शक्ती, पुस्तक, पान. या पुस्तकात तर तो स्वतःच साथ पसरवत फिरतो, त्यामुळे तारखा नीट लिहिणं भाग.

मार्क मेडोज, म्हणजे कॅप्टन ट्रिप्स, याचंही जोडकार्ड. हा हिप्पी रसायनशास्त्रज्ञ निरनिराळ्या रंगांच्या पुड्या घेतो आणि तासाभरासाठी निरनिराळी माणसं होतो. पाच ‘मित्र’, पाच ओळी, पुडीच्या रंगासकट.

आणखी एक खड्डा: या पुस्तकातल्या काही घटना पुस्तक ४ च्या प्रवासाच्याच काळात न्यूयॉर्कमध्ये घडतात. ‘हा तर परदेशात होता ना?’ असं वाटलं की आधी तारीख बघावी.

१८ नोव्हेंबर. नऊ दिवस पाण्यात

पुस्तक ६ आणि ७ एकाच आठवड्यातली आहेत, जुलै १९८८. सहावं अटलांटात, डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात. सिनेटर ग्रेग हार्टमन उमेदवारीसाठी उभा आहे आणि त्याच्या आत पपेटमॅन आहे, जो लोकांच्या भावना ओढून त्यांवर जगतो. हे गुपित पहिल्या पुस्तकातच उघड होतं, म्हणून लिहायला हरकत नाही. सातवं न्यूयॉर्कमध्ये: पारदर्शक कातडीच्या क्रिसॅलिसचा तिच्याच दारूगुत्त्यात खून, प्रेताजवळ इस्पिकचा एक्का. तो पत्ता सोडायची सवय धनुर्धारी डॅनियल ब्रेननची, म्हणून संशय त्याच्यावर. दुसऱ्या बाजूने जे ॲक्रॉइड हा खासगी गुप्तहेर तपास करतो; तो बोट रोखून समोरच्याला दुसरीकडे पाठवून देतो.

एकच आठवडा म्हटल्यावर दोन पुस्तकं शेजारी ठेवून दिवसावार आलटूनपालटून वाचली. सहावं अनेक हातांचं मोझेइक, सातवं मार्टिन आणि जॉन जे. मिलर या दोघांचं. एकाची चाल अधिवेशनाच्या गर्दीची, दुसऱ्याची तपासाची. दर ३० पानांना गाडी बदलल्यासारखं झालं. शिवाय ॲक्रॉइडला जे शोधायला दिवस लागतात ते सहाव्या पुस्तकाने आधीच सांगून टाकलेलं असतं. तिसऱ्या दिवसाला थांबलो, सहावं पुन्हा पहिल्यापासून सलग वाचलं, मग सातवं सलग. असं वाचल्यावर खुनाची बातमी सहाव्यात लांबून येते आणि सातव्यात तिची किंमत कळते. हाच क्रम ठेवावा.

३० नोव्हेंबर. पेन्सिलच का, ते आज कळलं

पुस्तक ८ पासून ‘जंपर’ येतात: दुसऱ्याच्या शरीरात उडी मारून त्याला आपल्या शरीरात ढकलणारी पोरं. सगळी कार्डं एका रात्रीत खोटी ठरली. नवा रकाना: ‘सध्या कोणाच्या शरीरात’. हा रकाना दर पुस्तकात दोन-तीनदा खोडावा लागतो. ज्यांनी कार्डं शाईने केली असतील त्यांनी इथेच नवी करायला घ्यावीत.

९ डिसेंबर. पुस्तक ९, आणि एक स्पष्ट सूचना

एलिस बेटावर जोकरांची वसाहत, रॉक्स. तिचा राजा ब्लोट, अवाढव्य देहात अडकलेला पोरगा, मालिकेतल्या उत्तम पात्रांपैकी एक. पण याच पुस्तकात लैंगिक अत्याचार आहे, तपशिलाने, आणि त्याचा परिणाम दहाव्या पुस्तकभर चालतो. लपूनछपून खाल्लेल्या मिठाईची चव इथे कडू होते. तेव्हाच्या कित्येक लेखकांना ‘प्रौढ’ आणि ‘क्रूर’ यांतला फरक कळत नव्हता, असंच म्हणावं लागेल. ज्यांना नको असेल त्यांनी नववं मधूनमधून चाळावं. ब्लोटचे भाग तेवढे सोडू नयेत, अकराव्यात रॉक्सची लढाई आहे ती त्यांच्याशिवाय पोकळ वाटते.

१८ डिसेंबर. दहावं गाळावं का?

मेलिंडा स्नॉडग्रास यांची एकटीची कादंबरी. टॅकियॉन परक्या शरीरात, त्याचं शरीर नातू ब्लेझने पळवलेलं, पाठलाग थेट टॅकिस ग्रहावर. न्यूयॉर्क नाही, जोकरटाउन नाही. गाळून थेट अकरावं घेऊन पाहिलं: लढाई समजते, कारण दोन्हींचा काळ जवळपास एकच. पण टॅकियॉनचं पुढे काय झालं हे फक्त इथेच आहे, आणि पहिल्या पुस्तकापासून त्याच्या मागे आलेल्याला ते सोडवत नाही. परत येऊन वाचलं. अनेक हातांच्या पुस्तकांनंतर एकच हात सलग चालताना पाहणं विश्रांतीसारखं वाटलं.

६ जानेवारी २०२६. अकरा आणि बारा झाली. बारावं मिलान यांचं एकट्याचं, सगळं मार्क मेडोजचं. त्याचं जोडकार्ड समोर ठेवूनच वाचावं.

१ फेब्रुवारी, रविवार. तेरा ते पंधरा, हिशेब

तेराव्याची रचना सोयीची: जोकरटाउनमधलं चर्च जळतं, हॅना डेव्हिस ही तपासनीस एकेका साक्षीदाराला भेटते, आणि प्रत्येक साक्ष म्हणजे एक कथा. मधूनच मालिकेत शिरणाऱ्यालाही झेपेल. चौदावं पुलासारखं, ओलांडून जायचं. पंधराव्यात विषाणूग्रस्तांना मारणारा नवा विषाणू आणि त्यामागची धावपळ. मोठं, घाईचं, शेवटी थोडं दमलेलं.

संक्रांत केव्हाच हुकली, १६८ दिवस लागले. जादा १८ पैकी ९ सहाव्या-सातव्याच्या प्रयोगात, ५ चुकीच्या आवृत्तीत, ४ डिंकात. पुस्तकांचा खर्च ₹८,६४०, त्यात वाया गेलेले ₹४९०. कार्डं १७२. स्वस्तात चव घ्यायची असेल तर टोरच्या संकेतस्थळावर याच विश्वातल्या कथा येत असत, त्या ‘फुल हाउस’ या २०२२ च्या खंडात एकत्र आहेत. आणि ज्याला ऐंशीच्या दशकातला चिखल नकोच, त्याने पुस्तक १८ पासून सुरू करावं. २००८ चं ते पुस्तक नव्या पिढीची पात्रं घेऊन, टीव्हीवरच्या स्पर्धेपासून सुरू होतं आणि मागचं फारसं गृहीत धरत नाही.

अठराव्याला खाकी कव्हर घालून झालं आहे. खोक्यात क्रॉइडच्या जोडकार्डाची मागची बाजू भरली, तिसरं जोडावं लागेल.